इभ्रत कुणाची, मरण कुणाचं?

‘शोकांतिका’ या शब्दाचा मला अलीकडे फार संशय यायला लागला आहे. ज्या मरणाचा जाब कुणाला तरी विचारायला हवा, त्याला एकदा शोकांतिका म्हटलं की विचारण्यासारखं काही उरत नाही. दैवाला कोण जाब विचारणार? आपल्याकडे सून जळाली की ‘स्टोव्हचा भडका’ आणि पोरगी विहिरीत सापडली की ‘पाय घसरला’. पंचनाम्यातली ही भाषा आपण पुरती ओळखून आहोत. पण कथा-कादंबऱ्यांत आणि पडद्यावर हेच काम जास्त सुबकपणे चालतं. तिथे मरणाला संगीत असतं, वाहतं पाणी असतं, आणि पाहणारीच्या डोळ्यांतही पाणी येतं. रडून झालं की प्रश्न संपतो.

या वेळी मी एका जपानी गोष्टीबद्दल लिहिणार आहे. काही मैत्रिणी म्हणतील, आपल्याकडचे प्रश्न संपले का? नाही संपले. पण आमच्या केंद्रात येणाऱ्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुली रात्री पांघरुणात मोबाईल धरून जे पाहतात, त्यात ही गोष्ट आहे. त्यांना ‘कार्टून’ म्हटलेलं चालत नाही, ‘अ‍ॅनिमे’ म्हणायचं. मी एम.एस.डब्ल्यू. करत होते तेव्हा माध्यमांवरच्या तासाला आम्ही हिंदी सिनेमातल्या बलात्काराच्या दृश्यांवर तावातावानं बोलायचो. आजच्या मुली तो सिनेमा बघतच नाहीत. त्या जे बघतात ते आपण बघितल्याशिवाय त्यांच्याशी बोलणार कशा? म्हणून सगळे चोवीस भाग मी पाहिले, इंग्रजी भाषांतरातून मूळ कादंबरीही वाचली.

गोष्ट अशी. फुतारो यामादा या लेखकानं १९५८-५९ साली ‘कोगा निंपोचो’ ही कादंबरी एका मासिकातून क्रमशः लिहिली. तिच्यावरून मासाकी सेगावा यांनी ‘बासिलिस्क’ ही चित्रकथा काढली. तिला २००४ सालचा कोदान्शा पुरस्कार मिळाला आणि २००५ साली त्यावर चोवीस भागांची अ‍ॅनिमे मालिका निघाली. काळ १६१४ चा. तोकुगावा इएयासू म्हातारा झालेला आहे. शोगुनपद त्यानं मुलाला दिलंय, पण सूत्रं त्याच्याच हातात. पुढचा शोगुन कोण होणार, थोरला नातू की धाकटा, यावरून दरबारात दोन तट पडलेत. उघड भांडण झालं तर घराणं फुटेल. मग उपाय काय? इगा आणि कोगा या दोन डोंगराळ मुलखांतल्या निंजा घराण्यांमध्ये चारशे वर्षांचं वैर आहे, ते हात्तोरी हांझोच्या करारामुळे दबून राहिलंय. तो करार रद्द करायचा. दोन्हीकडच्या दहा-दहा जणांची नावं एका गुंडाळीवर लिहायची. एक घराणं थोरल्या नातवाच्या नावानं लढेल, दुसरं धाकट्याच्या. ज्या बाजूचं माणूस शेवटी जिवंत, त्या बाजूचा नातू शोगुन.

दोन्ही घराण्यांचे म्होरके, कोगाचा दांजो आणि इगाची ओगेन, तरुणपणी एकमेकांवर प्रेम करत होते. करार मोडल्याबरोबर ते एकमेकांना ठार मारतात. त्यांची नातवंडं, गेन्नोसुके आणि ओबोरो, यांचं लग्न ठरलेलं असतं. ते झालं असतं तर वैर संपलं असतं. तेही मरतात. वीसच्या वीस मरतात.

यावर रसिक म्हणतात, किती हृदयद्रावक! जपानचे रोमिओ-ज्युलिएट!

मी आधी लेखकाचं देणं देऊन टाकते, कारण यामादा हा काही भाबडा माणूस नव्हता. त्याचा जन्म १९२२ चा. युद्ध संपलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा, वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी. त्याच्या वयाची पोरं घरासाठी, कुळासाठी, सम्राटासाठी मरायला पाठवली गेली होती. वरच्या लोकांच्या वारसाहक्कासाठी खालची माणसं कशी झुंजवली जातात, आणि झुंजणाऱ्यांना ते आपल्याच मानापानाचं भांडण कसं वाटतं, हे त्यानं नेमकं पकडलंय. इगा-कोगाचं एवढं हाडवैर मुळात कथाकारांनीच वाढवलेलं आहे. प्रत्यक्षात हे शेजारशेजारचे मुलूख, आजच्या मिए आणि शिगा प्रांतांतले. पुढे तोकुगावांच्या एडो किल्ल्यात शंभर पहारेकऱ्यांची एक चौकी होती, तिथे इगाची तुकडी आणि कोगाची तुकडी पाळीपाळीनं पहारा द्यायची. ती चौकी टोकियोत अजून उभी आहे. कुणाचं रक्त चारशे वर्षं उकळत होतं म्हणे? नोकरी एकाच मालकाची होती! आणि थोरला नातू इएमित्सू १६२३ साली शोगुन झाला तो वीस निंजा मेले म्हणून नव्हे. आजोबानं थोरल्याचा हक्क मानला, विषय संपला.

तर राज्यसत्ता यामादाला दिसते. घर मात्र दिसत नाही. माझं भांडण इथे सुरू होतं.

गुंडाळीवरच्या वीस नावांत सहा बायका आहेत. त्यांच्या विद्या काय आहेत बघा. ओकोईची कातडी समोरच्याचं रक्त शोषते, म्हणजे शत्रूला अंगाशी येऊ द्यायचं. आकेगिनुच्या अंगातून रक्ताचं धुकं निघतं, म्हणजे तिनं कपडे उतरवायचे. कागेरोच्या मनात वासना जागी झाली की तिचा श्वास विषारी होतो, म्हणजे ज्याच्यावर प्रेम करावं तो मेलाच. पुरुषांच्या विद्याही अंगाच्याच आहेत, मान्य. कुणाला हातपाय नाहीत, कुणी भिंतीत विरघळतो. पण पुरुषाचं विचित्र अंग हे त्याचं कसब ठरतं आणि बाईचं अंग मात्र आमिष. याशामारू नावाच्या तरण्या योद्ध्याचे दोर तर बायकांच्या केसांचे वळलेले आहेत. कुणाचे केस, कसे मिळाले, कुणी विचारत नाही. बाईच्या अंगाचा एक भागही वाया जाऊ न देणारी ही काटकसर आपल्या ओळखीची आहे.

आणि ही विद्या पिढ्यान् पिढ्या टिकते कशी? कादंबरी सांगते: घराण्यातल्या घराण्यात लग्नं लावून. डॉक्टर लेखक हे थंडपणे नोंदवतो. चारशे वर्षं बायकांच्या गर्भाशयांवर चाललेला शस्त्रांचा कारखानाच हा! कुणी कुणाशी लग्न करायचं हे ठरवण्याचा हक्क म्हणजेच घराणं. बाकी ध्वज, तलवारी, शपथा सगळं वरचं सजावटीचं सामान. इभ्रत ही काही हवेतली गोष्ट नाही. ती मुलीच्या कुशीत ठेवलेली असते, आणि म्हणूनच तिच्यावर पहारा असतो. कागेरोचं गेन्नोसुकेवर प्रेम आहे, पण तिचं अंगच तिला आडवं येतं. घराण्यानं तिला शस्त्र म्हणून घडवलं आणि मग शस्त्राला संसार कुठला, असं म्हणून मोकळं झालं. पुढे ती शत्रूच्या हाती सापडते तेव्हा तिचा जो छळ होतो, तो मालिकेनं ज्या चवीनं दाखवलाय तो पाहताना मला आवाज बंद करावा लागला. होतारुबीला मारणारा दुसऱ्याचा चेहरा चढवून येतो. ओकोईला कोंडून छळून मारतात. पुरुष बहुतेक लढता लढता मरतात. बायकांच्या वाट्याला मरणाआधीचे हालही येतात, आणि कॅमेरा तिथेच रेंगाळतो.

तेन्झेन नावाचा इगाचा कारभारी आहे. तो मरत नाही. कितीदा मारला तरी जखमा भरून उठून बसतो. (पितृसत्तेचं इतकं हुबेहूब चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही, लेखकाला ते अभिप्रेत असो वा नसो.) करार मोडल्याची बातमी तो स्वतःच्याच सरदारणीपासून, ओबोरोपासून, लपवून ठेवतो. तिचा होणारा नवरा पाहुणा म्हणून घरात झोपलेला असताना त्याच्या माणसांना मारायला सुरुवात करतो. आणि पुढे जहाजावर तिच्यावर जबरदस्ती करायला धावतो. का? तर घराण्याला वारस हवा म्हणून! म्हणजे इभ्रतीसाठी खून आणि इभ्रतीसाठीच बलात्कार. चाहत्यांना तेन्झेन खलनायक वाटतो, इतरांहून वेगळा, नीच. मला तो सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. जे बाकीचे गहिवरून बोलतात ते तो सरळ करतो.

आता ओबोरोकडे येऊ. या पोरीला एकही युद्धविद्या शिकता आलेली नाही. चालताना अडखळते, भांडी फोडते. पण तिच्या डोळ्यांत जन्मजात एक शक्ती आहे: तिनं नुसतं पाहिलं की समोरच्याची विद्या गळून पडते. मारण्याची ताकद नव्हे, मारण्याला निकामी करण्याची ताकद. संपूर्ण गोष्टीत युद्ध थांबवू शकेल अशी ही एकच व्यक्ती आहे. आणि गोष्ट तिला काय करायला लावते? घरचे म्हणतात, तुझे डोळे गेन्नोसुकेवर चालव. ती म्हणते, मी त्याच्याशी लढणार नाही. आणि आजीनं दिलेलं, सात रात्री आंधळं करणारं औषध ती स्वतःच्या डोळ्यांत घालते.

थांबून विचार करावा अशी ही जागा आहे. तिचा नकार खरा आहे, त्याबद्दल मला आदर आहे. पण नकाराची किंमत तिनं आपल्याच डोळ्यांनी मोजायची. हे लेखकाला सुचतं, प्रेक्षकाला पटतं, सगळ्यांना ते उदात्त वाटतं. त्याच वर्षी, २००५ मध्येच, ‘शिनोबी’ नावाचा चित्रपट याच कादंबरीवर आला. त्यात शेवट बदललाय, ओबोरो जगते. पण गावं वाचावीत म्हणून इएयासूपुढे जाऊन ती काय करते? स्वतःचे डोळे फोडते! शेवट बदलला तरी डोळे काही वाचले नाहीत. बघणारी बाई कुठल्याच रूपात परवडत नाही असं दिसतं.

मालिकेच्या शेवटी ओबोरोची दृष्टी परत येते. तिच्या नुसत्या पाहण्यानं न मरणारा तेन्झेन मरतो. तिनं ठरवलेलंही नसतं. ती रडत असते, आणि तिनं पाहिलं एवढंच. म्हणजे डोळे उघडे ठेवले असते तर? हा प्रश्न गोष्टीनं स्वतःच उभा केला आणि लगेच टाकून दिला. कारण त्यानंतर तिला आबे नदीच्या काठी गेन्नोसुकेसमोर तलवार घेऊन उभं करायचं होतं, तिथे तिनं ती स्वतःच्याच छातीत खुपसायची होती, आणि त्यानंही तिच्या मागोमाग मरायचं होतं. मरण्याआधी तो गुंडाळीवर विजय तिच्या घराण्याच्या नावे लिहितो. काय उदार प्रेम, म्हणतात. त्या गुंडाळीनं ठरणार काय होतं? कुठल्या नातवानं गादीवर बसायचं! दोघांचं मरणसुद्धा दरबाराच्या कामी आलं.

मी हे इतक्या चिडून का लिहिते आहे ते सांगते. आमच्याकडे आलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीनं मला ही गोष्ट सगळ्यांत आधी सांगितली. घरच्यांनी तिचं कॉलेज बंद केलं होतं, मुलगा दुसऱ्या जातीचा. ती म्हणाली, “ताई, आम्ही पण असंच करणार. एकत्र मेलो की मग सगळे रडतील, तेव्हा कळेल त्यांना.” ती मुळीच वेडी नव्हती, निराश सुद्धा वाटत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा अभिमान होता. जगण्याच्या गोष्टीत तिला कुणी नायिका केलं नव्हतं, मरणाच्या गोष्टीत ती नायिका होती. तिच्याशी आम्ही पुढे वर्षभर बोलत राहिलो. ती आज नोकरी करते. पण त्या दिवशी मला समजलं, की इभ्रतीसाठी मारणारे आणि इभ्रतीपायी मरणारे एकाच पुस्तकातून धडे घेतात. बापही म्हणतो, माझ्या घराण्यापुढे तिचा जीव काय! मुलगीही म्हणते, माझ्या प्रेमापुढे माझा जीव काय! जीव स्वस्त आहे यावर दोघांचं एकमत.

काही जणी म्हणतील, मग असल्या मालिकांवर बंदीच आणा. मला ते मान्य नाही, आणि कारण जपानच्याच इतिहासात आहे. १७०३ साली ओसाकात एक कारकून आणि एक वेश्या यांनी एकत्र आत्महत्या केली. चिकामात्सु या नाटककारानं त्याच वर्षी त्यावर बाहुल्यांचं नाटक केलं, ते तुफान चाललं. मग तशी नाटकं वाढली, तशा आत्महत्याही वाढल्या. १७२३ च्या सुमारास शोगुनशाहीनं अशा नाटकांवर बंदी घातली. मेलेल्यांना अंत्यसंस्कार नाकारले. दोघांतलं एक वाचलं तर त्याला खुनाची शिक्षा. दोघंही वाचले तर पुलाशी तीन दिवस लोकांपुढे बसवून मग अस्पृश्यांत ढकलायचं. किती कडक! पण मुलींना कर्जापायी कुंटणखान्यात विकण्याचा करार? तो चालूच राहिला. सरकारला मरणाचं नाटक नको होतं, मरण्याची कारणं चालत होती. बंदीची मागणी करताना आपण कुणाच्या पंगतीला बसतो हे पाहावं.

आणि याच जपानात एक बाई आत्महत्येच्या वाटेवरून परत आली. हिरात्सुका राइचो. १९०८ साली मोरिता सोहेई या लेखकाबरोबर ती शिओबाराच्या डोंगरात मरायला गेली. शोध घेणाऱ्यांनी दोघांना परत आणलं. वर्तमानपत्रांनी तिची अब्रू चव्हाट्यावर मांडली, तिच्या महाविद्यालयानं माजी विद्यार्थिनींच्या यादीतून तिचं नाव काढलं. मोरितानं पुढच्याच वर्षी त्या प्रसंगावर कादंबरी लिहिली आणि नाव कमावलं. राइचोनं काय केलं? १९११ मध्ये बायकांनी चालवलेलं ‘सेइतो’ हे मासिक सुरू केलं. ती त्या बर्फात मेली असती तर तिच्यावरही एखादी सुंदर मालिका निघाली असती. ती जगली, म्हणून आपण तिच्या नावानं अशी पानं लिहितो.

तिच्या देशातलं घरही आपोआप बदललं नाही. १८९८ च्या नागरी कायद्यानं कुटुंबप्रमुखाला लग्नाला संमती देण्या-नाकारण्याचा अधिकार दिला होता. तो १९४७ मध्ये रद्द झाला. म्हणजे यामादानं ही कादंबरी लिहिली तेव्हा घराण्याची सत्ता कायद्यातून जाऊन जेमतेम अकरा वर्षं झाली होती. वडीलधाऱ्याला मारणाऱ्याला इतर खुन्यांपेक्षा जास्त शिक्षा देणारं कलम मात्र फौजदारी कायद्यात तसंच होतं. बापानं वर्षानुवर्षं अत्याचार केलेल्या एका मुलीनं त्याला मारलं, तिचा खटला वरपर्यंत गेला, तेव्हा १९७३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. पुस्तकातून ते निघायला १९९५ उजाडलं. कायद्यातून जातं ते गोष्टीतून इतक्या लवकर कसं जाईल?

‘नारुतो’चं काय, असं मुली विचारतातच, कारण ते हिंदीतूनही येतं आणि लहान भावंडंही बघतात. तिथेही उचिहा घराण्याचा संहार आहे. इताची गावासाठी आपल्या आईबापांसकट सगळ्या कुळाला मारतो आणि चाहते त्याला जवळजवळ संत मानतात. त्याच्यावरची २०१५ ची एक कादंबरी आहे. तिच्यात त्याच्यावर प्रेम करणाऱ्या इझुमीला तो मारताना भ्रमात तिला क्षणभरात अख्खा संसार दाखवतो: लग्न, मुलं, म्हातारपण. म्हणजे खोटा संसार आणि खरा खून. यावर आणखी काही लिहायची मला गरज वाटत नाही.

आपल्याकडचं दोन ओळींत. नगर जिल्ह्यातल्या सोनईत २०१३ च्या पहिल्याच दिवशी आंतरजातीय प्रेमापायी तीन दलित पुरुषांना मारलं गेलं. २०१८ साली नाशिकच्या न्यायालयानं सहा जणांना दोषी धरलं. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा जोडप्यांना संरक्षण द्यावं, सुरक्षित निवारे करावेत म्हणून राज्यांना सविस्तर आदेश दिले. आपल्या गटांनी तो निकाल मराठीत करून पोलीस ठाण्यात न्यायला हवा, कारण रात्री अकरा वाजता जोडपं दारात उभं राहतं तेव्हा ठाणेदाराला तो आपणच दाखवावा लागतो. ‘सैराट’ पाहून सगळा महाराष्ट्र २०१६ मध्ये रडला, ते मला आठवतं. रडणाऱ्यांपैकी किती जणांनी पोरीच्या लग्नाला होकार दिला, हे ज्यानं त्यानं आपल्या घरात विचारावं.

आम्ही सध्या किशोरींच्या गटात असं करतो. ओबोरो औषधाची कुपी उघडते तो भाग लावायचा आणि तिथेच थांबवायचा. मग विचारायचं, हिनं आणखी काय करायला हवं होतं? पहिल्यांदा शांतता असते. मग सुरू होतं. “बातमी कळली तेव्हाच दोघांनी पळायचं.” “आजीला विचारायचं, तू का मारलंस म्हणून.” (आजी मेलेली आहे, हे दुसरी सांगते.) “ते औषध तेन्झेनच्या डोळ्यांत घालायचं!” यावर खूप हसणं. मागच्या खेपेला कोपऱ्यात बसणारी एक मुलगी म्हणाली, “ती गुंडाळी कागदाचीच होती ना? चूल होतीच की घरात.” मग दीड तास त्या गुंडाळीवरच चर्चा झाली, आपल्या घरात अशी गुंडाळी कुठली, तिच्यावर नावं कोण लिहितं, तिथवर पोरी आपल्या आपण पोचल्या.

आता वस्तीतल्या मुलग्यांच्या गटाबरोबर हेच करायचं ठरवलं आहे. ते अवघड जाणार, कारण त्यांना तलवारी हव्यात. इतर गटांनी असं काही केलं असेल तर या पानांवर लिहावं. आमचे प्रश्न हवे असतील तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, पाठवून देऊ.